आईची सत्तरी, घराचे कागद आणि ऑक्टोबरचं तिकीट

न्यू जर्सीहून एका वाचकांनी लिहिलंय : वडील गेल्या वर्षी वारले, आई कोल्हापुरात मंगळवार पेठेत एकटी असते. मे महिन्यात आम्ही दोघे भाऊ मुलाबाळांसह येतोय. आईची सत्तरी हॉल घेऊन थाटात करायची, घराचे कागद उरकायचे आणि ऑक्टोबरात धाकट्या भावाच्या बायकोचं बाळंतपण आहे म्हणून आईला इकडे आणायचं. तिचा मान राहील असं आणखी काय करावं?

सत्तरी जरूर करा. औक्षण करा, तिच्या माहेरची माणसं बोलवा, जेवण चांगलं ठेवा. मला बोलायचंय ते उरलेल्या दोन गोष्टींबद्दल, कारण आईचा मान तिथे ठरणार आहे.

‘कागद उरकायचे’ म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा आईची हक्कसोडपत्रावर सही घ्यायची. तुमच्याही मनात तेच असेल तर कृपा करून थांबा. घर वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर १९५६च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आईला मुलांच्या बरोबरीने हिस्सा मिळतो. वारस तुम्ही दोघे आणि आई एवढेच असाल, तर तिसरा हिस्सा तिचा आहे. बहीण असेल तर तिचाही तेवढाच. तिला चोळी-बांगडीवर वाटेला लावू नका. सिटी सर्व्हेत वारसनोंद करा आणि प्रॉपर्टी कार्डावर आईचं नाव लागू द्या. गावाकडे शेती असेल तर सातबाऱ्यावरही. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र पुन्हा फिरवणं फार अवघड असतं. आणि पोरांनी मागितलं तर आई सही करतेच, विचारसुद्धा न करता. म्हणून तर ती मागायची नसते.

मुलांना घेऊन येताय, तर कावळा नाक्यावर गाडी थांबवून घोड्यावरच्या ताराराणींचा पुतळा दाखवा. १७०० साली राजाराम महाराज गेले तेव्हा त्या पंचविशीत होत्या, पदरात लहान मुलगा. त्याला गादीवर बसवून कारभार त्यांनी हातात घेतला आणि औरंगजेब मरेपर्यंत सात वर्षं त्याच्या फौजेला दाद दिली नाही. कोल्हापूरची गादी उभी राहिली ती त्यांच्यामुळे. हे सांगून झालं की मुलांना त्यांच्या आजीला विचारू द्या, की तिने घराबाहेर काय काय केलं. भिशी सांभाळली असेल, दूध संस्थेत हिशेब लिहिला असेल, गल्लीतल्या मुलींना शिवण शिकवलं असेल. नातवंडांना आजी म्हणजे व्हिडिओ कॉलवर ‘जेवलास का’ विचारणारी एवढीच माहीत असते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता ऑक्टोबर. तिकीट काढायच्या आधी आईला विचारलंत का? ऑक्टोबर म्हणजे नवरात्राचे दिवस. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर त्र्यंबोलीच्या भेटीला जाते, तिथे कोहळा फुटतो. अष्टमीच्या रात्री देवीची नगरप्रदक्षिणा. मंगळवार पेठेतल्या बाईचं वर्ष या दिवसांभोवती फिरतं. नवऱ्यामागे एकटी राहायला शिकलेल्या बाईला तर मैत्रिणी, भजन, संध्याकाळचा रंकाळा हाच आधार असतो. ती नातवासाठी हे सगळं सोडून येईलही आनंदाने, पण तारीख तिची असू द्या. दसरा करून निघते म्हणाली, तर पहिले काही दिवस पैसे देऊन बाई ठेवा.

विझिटर व्हिसावर तिकडे बहुधा सहा महिने राहता येतं. म्हणून सहाही महिने तिला ठेवलंच पाहिजे असं नाही. तुमच्याकडची थंडी, गाडी चालवता येत नाही, दिवसभर घरात कोणी बोलायला नाही, याचा विचार करा. बाळाला न्हाऊ घालणं, बाळंतिणीला डिंकाचे लाडू करणं ती हौसेने करील. स्वयंपाक, भांडी, कपडे आणि रात्रीचं जागरणही तिच्याच गळ्यात पडलं, तर तिला तुम्ही आई म्हणून आणलं नाही. कामं आधी बोलून घ्या, आठवड्यातून एक दिवस तिला पूर्ण मोकळा ठेवा. विमा घेताना बीपी-शुगरसारखे आधीचे आजार किती धरलेत ते नीट वाचा. बऱ्याच पॉलिसीत ते पूर्ण धरत नाहीत. वडिलांमागे तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असेल, तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्या वेळी ती तुमच्याकडे असेल, म्हणून मे महिन्यातच तिच्यासोबत बँकेत जाऊन तो कसा द्यायचा ते विचारून ठेवा.

फोन आजच करा. तुमच्या सकाळी आठला कोल्हापुरात संध्याकाळचे साडेपाच किंवा साडेसहा वाजलेले असतात, निवांत बोलता येईल. तारखा तिला सांगू द्या. सत्तरीसाठी हॉल हवा, की घरीच पंगत बसवायची, तेही तिलाच विचारा.