शवविच्छेदनाचा अहवाल उशिरा आला तर

प्रश्न : आमचे बाळ पूर्ण दिवसांचे होते, जन्मानंतर तिसऱ्या दिवशी गेले. मृत्यूच्या दाखल्यावर ‘श्वास बंद पडणे’ एवढेच कारण आहे. ६ आठवड्यांनी आलेल्या शवविच्छेदनाच्या अहवालात मात्र फुप्फुसांत न्यूमोनिया आणि वारेच्या आवरणांत जंतुसंसर्ग आढळल्याचे म्हटले आहे. दाखला दुरुस्त करून घ्यावा का? घरचे म्हणतात, आता त्याने काय साधणार?

उत्तर : दुरुस्ती जरूर करून घ्यावी. ऊतींची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी आणि जंतूंच्या चाचण्या यांना कित्येक आठवडे लागू शकतात, आणि दाखला बहुधा त्याआधीच द्यावा लागतो. त्यामुळे पहिल्या नोंदीत कारण अपुरे राहणे समजण्यासारखे आहे, पण अहवाल हाती आल्यावरही ते तसेच राहणे योग्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत मृतजन्म आणि पहिल्या आठवड्यातील मृत्यू यांसाठी जो स्वतंत्र नमुना आहे, त्यात कारण शवविच्छेदनाने पक्के झाले आहे, त्याची माहिती नंतर मिळू शकेल, की शवविच्छेदन होणार नाही, हे नोंदवण्याची सोय आहे. ‘नंतर मिळू शकेल’ अशी खूण करणाऱ्याने पुढे ती माहिती कळवलीच पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

श्वास बंद पडणे हा मृत्यूचा प्रकार झाला. दुसरे काहीच ठाऊक नसेल तरच तो मुख्य कारण म्हणून लिहावा, असे त्याच वर्गीकरणात सांगितले आहे. या नमुन्यातील पहिल्या दोन ओळी बाळाच्या विकारांसाठी, पुढच्या दोन बाळावर परिणाम करणाऱ्या मातेच्या स्थितींसाठी आणि पाचवी इतर परिस्थितीसाठी असते. डॉक्टरांनी न्यूमोनिया हेच मुख्य कारण ठरवले, तर तो पहिल्या ओळीत येईल आणि वारेच्या आवरणांचा संसर्ग मातेच्या ओळीत. ती ओळ बाळाच्या आईने वाचली तर तिला एवढे अवश्य सांगा, की त्या नोंदीत तिच्यावर कसलाही ठपका नाही.

मृतजन्मालाही हेच लागू आहे. तिथे संपूर्ण तपासणीनंतरही कारण सापडले नाही, तर तसे स्पष्ट लिहावे, कारण ‘तपासूनही कळले नाही’ आणि ‘तपासलेच नाही’ यांत फार अंतर आहे.

वैद्यकीय कारण पालकांना स्वतः बदलता येत नाही. अहवालाची प्रत दाखल्यावर सही करणाऱ्या डॉक्टरांना द्या आणि सुधारित कारण नोंदणी कार्यालयाला कळवण्याची लेखी विनंती करा. दुसरी प्रत जपून ठेवा. पुढच्या गरोदरपणात ती प्रसूतितज्ज्ञांना पहिल्याच भेटीत दाखवायला हवी.