अमेरिकेतला मूळपुरुष शोधताना

प्रश्न : माझी सून मॅसॅच्युसेट्सची. तिच्या माहेरी सांगतात, त्यांचा मूळपुरुष 1620 साली इंग्लंडहून मेफ्लॉवर जहाजातून आला. इंटरनेटवर वंशावळही तयार मिळाली. नातवासाठी ती तशीच उतरवून ठेवू का?

उत्तर : इतक्यात नको. मेफ्लॉवरवर 102 प्रवासी होते आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांतले जवळपास निम्मे दगावले. वंश पुढे चालला अशी घरं मोजकीच. त्यांच्याशी नातं जोडायची हौस मात्र पुष्कळांना. गुस्टाव्ह आंजू नावाच्या गृहस्थाने तर पैसेवाल्या घराण्यांना खोट्या वंशावळी रचून विकल्या, आणि त्यांतल्या नोंदी अजून फिरत आहेत.

नातवापासून सुरुवात करा आणि एकेक पिढी मागे जा. 1850पर्यंत जनगणनेचा आधार चांगला आहे, कारण त्या वर्षी पहिल्यांदा घरातल्या प्रत्येक स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेल्या, माणसाचं नाव लिहिलं गेलं. त्याआधीच्या, म्हणजे 1790पासूनच्या जनगणनांत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. बाकीची नुसती डोकी मोजलेली. तिथून मागे गावोगावची जन्म-विवाह-मृत्यूची दप्तरं, मृत्युपत्रं आणि जमिनीची खरेदीखतं. एकाच गावात एकाच नावाचे तिघे सहज निघतात. म्हणून बायकोचं नाव, शेजारी, जमिनीच्या चतुःसीमा हे सगळं जुळतंय का ते बघा. मेफ्लॉवरच्या वंशजांच्या संस्थेने सुरुवातीच्या पिढ्या पुराव्यानिशी छापल्या आहेत. तुम्हाला त्या पिढ्यांपर्यंतची साखळी जोडायची आहे.

प्रश्न : एका नोंदीत जन्मतारीख ‘11 फेब्रुवारी 1731/32’ अशी आहे. खरं साल कोणतं?

उत्तर : दोन्ही खरी. इंग्रजांच्या वसाहतींत 1752पर्यंत नवं वर्ष 25 मार्चला लागायचं. त्यामुळे फेब्रुवारी त्यांच्या लेखी 1731चा, आपल्या लेखी 1732चा. आपल्या शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, पण वर्ष चैत्रात सुरू होत असल्याने माघ-फाल्गुनात 79 मिळवावे लागतात. शिवरायांचा जन्म शके 1551च्या फाल्गुनातला, म्हणून 1630. इथलंही गणित त्याच जातीचं. शिवाय 1752च्या सप्टेंबरात 11 दिवस गाळले गेले. तुम्ही दिलेली तारीख जॉर्ज वॉशिंग्टनच्या जन्माचीही आहे, आणि त्याचा वाढदिवस आज 22 फेब्रुवारीला धरतात.

प्रश्न : 1680च्या मृत्युपत्रात ‘सन-इन-लॉ’ला जमीन दिली आहे, पण मृत्युपत्र करणाऱ्याला मुलगीच दिसत नाही.

उत्तर : त्या काळी तोच शब्द सावत्र मुलासाठीही वापरत. बायकोचं आधी एक लग्न झालं होतं का, ते शोधा.

प्रश्न : माझे जावई आफ्रिकन-अमेरिकन, घराणं व्हर्जिनियाचं. 1870च्या मागे काहीच सापडत नाही.

उत्तर : तुमची शोधण्यात चूक झालेली नाही. गुलामीतून सुटलेल्या सगळ्यांची नावं जनगणनेत पहिल्यांदा आली ती 1870 साली. व्हर्जिनियात आफ्रिकी माणसं 1619 साली आणली गेली, म्हणजे हे घराणं मेफ्लॉवरच्याही आधीचं असू शकतं. पण 1850 आणि 1860च्या गुलामांच्या याद्या उघडल्या की वर मालकाचं नाव आणि खाली नुसत्या ओळी : 30, स्त्री, काळी. 8, पुरुष, काळा. ती त्या मुलाची आई का, हे तो कागद सांगत नाही. मला आजही त्या याद्या एका बैठकीत वाचवत नाहीत.

वाट मात्र आहे. 1866 साली व्हर्जिनियात गुलामीत एकत्र राहिलेल्या जोडप्यांची लग्नं कायद्याने मानली गेली आणि काउंटीवार, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागांनुसार, नोंदवह्या झाल्या. त्यांत नवरा-बायकोची वयं, मुलांची नावं आणि शेवटच्या मालकाचं नाव आहे. सगळ्या काउंटींच्या वह्या उरलेल्या नाहीत. तुमच्या काउंटीची नसेल तर मुक्त झालेल्यांसाठी 1865 साली निघालेल्या फ्रीडमन्स बँकेच्या खातेदारांच्या नोंदी बघा. आई-वडील, भावंडं यांची नावं पुष्कळदा तिथे मिळतात. मालकाचं आडनाव जावयांच्या आडनावाशी जुळेलच असं धरून चालू नका. अनेकांनी वेगळं आडनाव घेतलं.

मालक कळला की त्याच्या घराण्यातलं कोणी गुलामी संपण्याआधी वारलं असेल, तर त्यानंतर कोर्टात दाखल झालेली मालमत्तेची यादी मागवा. तिच्यात बैल, पलंग, नांगर यांच्याच रांगेत माणसांची नावं असतात, समोर डॉलरमध्ये किंमत. जावयांचे पूर्वज कदाचित तिथेच नावानिशी भेटतील. तो कागद त्यांना एकट्याने वाचायला लावू नका, शेजारी बसा.