डायलिसिसमध्ये दिलेल्या आयर्नच्या इंजेक्शनमुळे फ्री आयर्न वाढून ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस होतो असं वाचलं, बाबांचं इंजेक्शन बंद करायला सांगू का?

नका सांगू, निदान एवढं वाचून तरी नका. मी डायलिसिस टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, पण हा प्रश्न नातेवाईक बरेचदा विचारतात.

तुम्ही वाचलंय ते खोटं नाहीये. रक्तातलं लोह ट्रान्सफेरिन नावाचं प्रोटीन धरून नेतं, पण आयर्न सुक्रोज (म्हणजे हेच आयर्नचं इंजेक्शन) शिरेतून जास्त किंवा भरभर गेलं की थोडा वेळ ट्रान्सफेरिन कमी पडतं आणि काही लोह मोकळं राहतं, तेच फ्री आयर्न. ते हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल बनतात, ते पेशीच्या आवरणापासून डीएनएपर्यंत जे हाताला लागेल ते नासवतात, हाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. त्यात या पेशंटच्या शरीरात आधीच आतली सूज (इन्फ्लमेशन) असते, आणि शरीरातलं व्हिटॅमिन सी मशीनवर धुतलं जातं ते वेगळंच.

मग देतात कशाला? डायलिसिस संपल्यावर सलाइनने रक्त परत दिलं तरी डायलायझरच्या (रक्त गाळणाऱ्या फिल्टरच्या) केसासारख्या नळ्यांत लाल रेघा राहतातच, कधी क्लॉट होतो, टेस्टला रक्त जातं, सुया काढल्यावर फिस्चुलातून (डायलिसिससाठी हातात जोडून केलेल्या शिरेतून) येणारं रक्त लवकर थांबत नाही, असं करत वर्षाला १ ते ३ ग्रॅम लोह जातं. गोळ्यांनी ते भरून निघत नाही, कारण लोह आत घेणं अडवणारं हेप्सिडिन हे हार्मोन वाढलेलं असतं आणि आतडं लोह फारसं आत घेत नाही. ब्रिटनमध्ये पिव्होटल नावाची ट्रायल झाली, २१४१ पेशंट, २०१९ साली छापून आली. महिन्याला ४०० मिलिग्रॅम आयर्न सुक्रोज मिळणाऱ्यांत, कमी आयर्न मिळणाऱ्यांपेक्षा, मृत्यू, हार्ट अटॅक वगैरे उलट कमीच निघाले आणि इन्फेक्शनही वाढलं नाही. पण फेरिटिन (शरीरात साठलेल्या लोहाचा अंदाज देणारी टेस्ट) ७०० च्या वर किंवा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (ट्रान्सफेरिन किती टक्के लोहाने भरलंय ते) ४० टक्के झालं की आयर्न थांबवायचे, ही खरी गोम आहे.

म्हणून डॉक्टरांना हे दोन आकडे विचारा. नुसतं फेरिटिन बघून घाबरू नका, ते सूज आणि इन्फेक्शननेही चढतं, आणि इंजेक्शननंतर लगेच रक्त घेतलं तर रिपोर्ट फसवा येतो. बाबांना ताप किंवा थंडी वाजत असेल तर मशीनला लावायच्या आधीच सांगा, अंगात इन्फेक्शन असताना आयर्न सहसा पुढे ढकलतात.

आणि हो, अँटीऑक्सिडंट म्हणून व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या मनाने चालू करू नका, ऑक्झलेट नावाचा क्षार शरीरात साठतो. फळांच्या रसाचंही तेच, त्यात पोटॅशियम असतं आणि ते चढलं तर रात्री इमर्जन्सी डायलिसिसला धावावं लागतं.