एकदा पैसे भरलेल्या ॲपला आता दरमहा पैसे का?

प्रश्न: माझा धाकटा भाऊ बी.ए.ला आहे. त्याला दिसत नाही, फोन टॉकबॅकवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, ऐकून चालवतो. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या चर्चा तो दुसऱ्याच कुणीतरी बनवलेल्या ॲपमधून ऐकायचा, कारण रेडिटच्या स्वतःच्या ॲपमध्ये कितीतरी ठिकाणी बोट ठेवलं की नुसतं 'बटण' एवढंच ऐकू यायचं. त्या ॲपची 'प्रो' आवृत्ती मी शिवणाच्या पैशांतून घेऊन दिली. एकदाच भरायचे होते. आता उघडलं की दरमहा सबस्क्रिप्शन मागतंय. ही फसवणूक नव्हे का? आणि भरायचे की नाही?
– एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर: ताई, तुमचा राग रास्त आहे. माझ्या दुकानात मराठी-कन्नड दोन्हीकडची गिऱ्हाइकं हीच तक्रार घेऊन येतात. पण राग कुणावर धरायचा ते आधी बघू.

ॲप बनवणाऱ्याकडे चर्चा साठवलेल्या नसतात. भाऊ एखादा धागा उघडतो तेव्हा ते ॲप रेडिटच्या सर्व्हरकडून मजकूर मागवतं. या सोयीला एपीआय म्हणतात आणि ती बरीच वर्षं फुकट होती. १ जुलै २०२३पासून रेडिटने मोठ्या वापराला दर लावला: हजार मागण्यांना, म्हणजे ॲपने हजार वेळा मजकूर मागवला की, ०.२४ डॉलर. आयफोनवरचं अपोलो हे लोकप्रिय ॲप महिन्याला सुमारे ७०० कोटी मागण्या करत होतं. त्याचा निर्माता ख्रिस्तियन सेलिग याने हिशेब मांडला तेव्हा वर्षाचं बिल २ कोटी डॉलरच्या घरात गेलं. दर कळल्यापासून लागू होईपर्यंत हाताशी जेमतेम महिना होता. ३० जूनला अपोलो बंद झालं. 'रेडिट इज फन'ही गेलं. रिले आणि नारव्हाल यांच्यासारखी काही ॲप्स टिकली, ती सबस्क्रिप्शनवर. तुमच्याकडे घरोघरी यंत्रमाग आहेत, म्हणून सांगतो: सूत महागलं की विणकराला जुन्या भावात साडी देता येत नाही.

सेलिगच्याच आकड्यांनी, सरासरी माणूस दिवसाला ३४४ मागण्या करतो. म्हणजे महिन्याला अडीच डॉलर, तेव्हाच्या दराने दोनशे रुपयांच्या आसपास. हे फक्त रेडिटला द्यायचे. त्यावर प्ले स्टोअरचा वाटा आणि कर वेगळा. एकदाच घेतलेल्या पैशांतून हे दर महिन्याचं बिल निघणं शक्यच नव्हतं. म्हणून मी याला फसवणूक म्हणणार नाही. तरी जुन्या 'प्रो' गिऱ्हाइकाला सवलत मिळायला हवी असं माझं ठाम मत आहे. प्ले स्टोअरमध्ये ॲपच्या पानावर निर्मात्याचा ई-मेल असतो. खरेदीच्या पावतीचा क्रमांक घालून त्याला लिहा.

ट्विटरने तर पैसे भरायचा मार्गसुद्धा ठेवला नाही. जानेवारी २०२३मध्ये ट्वीटबॉट, ट्विटरिफिक अशी दुसऱ्यांनी बनवलेली ॲप्स एकाएकी तोडली. ट्विटरिफिक २००७पासूनचं, ट्विटरचं स्वतःचं ॲप यायच्या आधीचं! मूळ कंपनी कधीही दार लावू शकते, हे ध्यानात ठेवून सांगतो: भरायचेच झाले तर वर्षाचे एकदम भरू नका, महिन्याचे भरा.

पण भावासाठी बहुतेक भरावेच लागणार नाहीत. जून २०२३मध्ये या दराच्या निषेधार्थ हजारो सबरेडिट, म्हणजे रेडिटवरचे विषयवार गट, बंद ठेवली गेली, त्या वेळी अंध वापरकर्त्यांचा प्रश्न लावून धरला तो त्यांच्याच 'ब्लाइंड' या सबरेडिटने. नफ्यासाठी न चालणाऱ्या, अपंगांना उपयोगी ॲप्सना रेडिटला या दरातून सूट द्यावी लागली. अँड्रॉइडवर रेडरीडर, आयफोनवर डिस्टोपिया आणि लुना. ही सूट कुणी आपणहून दिलेली नाही, त्या लोकांनी भांडून मिळवली. मला याचा फार अभिमान वाटतो.

भावाच्या फोनवर रेडरीडर घाला. फुकट आहे. दिसायला साधं आहे, पण तुमच्या भावाला दिसण्याशी काय करायचंय? टॉकबॅकवर ते नीट चालतं, हे महत्त्वाचं. आठ-दहा दिवस वापरू दे, मगच जुन्या ॲपचं ठरवा.

आणखी एक, यात खूप जण अडकतात: जुनं ॲप फोनमधून नुसतं काढून टाकलं तर सबस्क्रिप्शन थांबत नाही. चुकून चालू झालं असेल तर प्ले स्टोअरमध्ये स्वतःच्या चित्रावर बोट ठेवा, तिथून पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्समध्ये जाऊन रद्द करा. यूपीआयने जोडलं असेल तर यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेमध्येही बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. तो मेसेज भावाला ऐकून सोडून देऊ नको म्हणावं. कुणाला, किती आणि कधी जाणार ते त्यातच असतं.

रेडरीडरचा कोड सगळ्यांना खुला आहे. त्यातही एखादं बटण मुकं सापडलं तर भावालाच निर्मात्यांना लिहू द्या, कुठल्या पानावर, टॉकबॅकने नेमकं काय म्हटलं, एवढ्या तपशिलासह. इंग्रजी लिहायला अडलं तर दुकानात घेऊन या, आपण मिळून लिहू.