सरपंचांचे मानधन आणि गावाचा हिशेब: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

सरपंच-उपसरपंचांचे मानधन दुप्पट झाल्यापासून पत्रांमधला विषय बदललेला नाही. आधी ‘यांना एवढे पैसे कशाला?’ आणि लगेच पुढे ‘मग हिशेब विचारायचा कोणाला?’ विस्तार अधिकारी म्हणून ग्रामपंचायतींची दप्तरे तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. पहिल्या प्रश्नावर पारावर तासन्‌तास वाद होतात. दुसरा प्रश्न मात्र ग्रामसभेत कोणी उठून विचारत नाही, याची मला काळजी वाटते. म्हणून आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तर देतो आहे.

प्रश्न: आमच्या गावची लोकसंख्या साडेतीन हजार आहे. सरपंचांना महिन्याला पंचवीस हजार मिळतात, असा मेसेज फिरतो आहे. खरे काय?

मेसेज खोटा आहे. सप्टेंबर 2024 च्या मंत्रिमंडळ निर्णयानुसार तुमच्या सरपंचांना महिना 8,000 आणि उपसरपंचांना 3,000 रुपये. दोन हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या गावात हेच आकडे 6,000 आणि 2,000, तर आठ हजारांच्या वर 10,000 आणि 4,000. 

प्रश्न: वाढीव मानधनासाठी घरपट्टी वाढवणार, असे ग्रामपंचायतीच्या शिपायाने सांगितले. तसे करता येते का? की केंद्राकडून येणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीतून देतात?

वित्त आयोगाच्या निधीतून मानधन देता येत नाही, पगार आणि आस्थापना खर्चाला तो निधी चालतच नाही. मानधनाचा एक हिस्सा शासन अनुदान म्हणून देते, उरलेला ग्रामनिधीतून जातो. घरपट्टीची फेरआकारणी चार वर्षांतून एकदा होते, तिची यादी प्रसिद्ध करावी लागते आणि हरकती मागवाव्या लागतात. शिपायाच्या सांगण्यावर जाऊ नका. कार्यालयात जाऊन नमुना 8 मधला, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीतला, तुमचा उतारा पाहा आणि आकारणी बदलली असेल तर मुदतीत लेखी हरकत द्या.

प्रश्न: तुमचे स्वतःचे मत काय? मानधन वाढवायला हवे होते का?

हो. माझ्या तालुक्यात एक सरपंच शेतमजूर होते. पंचायत समितीत बैठक म्हटली की त्यांची एक मजुरी बुडायची, वर एसटीचे भाडे. 2019 पर्यंत लहान गावच्या सरपंचाला महिना हजार रुपये मिळत. त्या पैशात काम करणे परवडायचे ते ज्यांच्या घरी आधीच पैसा आहे त्यांना, नाहीतर ज्यांना तो दुसऱ्या वाटेने काढायचा आहे त्यांना. निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत, अनुसूचित जाती-जमातींनाही आहेत. तिथे निवडून येणाऱ्याच्या हातात चार पैसे नसतील तर खुर्चीत तो बसेल आणि कारभार दुसराच करील. पण मानधन वाढले म्हणजे कारभार आपोआप सुधारतो, असे मला दप्तरात कधी दिसले नाही. 

प्रश्न: मी महिला राखीव जागेवरून निवडून आलेली सरपंच आहे. बैठका मीच घेते, पण माझ्या डिजिटल सहीचे, संगणकाला लावायचे डोंगल ग्रामपंचायतीच्या संगणक ऑपरेटरकडे असते. परवा एका पुरवठादाराला पैसे गेल्याचे मला नंतर कळले. ‘सगळीकडे असेच चालते,’ असे मला सांगतात. आठ हजार मानधनात माझी जबाबदारी किती?

पूर्ण. ताई, हे उत्तर लांबणार आहे, कारण अशी पत्रे सतत येतात आणि बहुतेक वेळा फार उशिरा येतात.

वित्त आयोगाचे पैसे ई-ग्रामस्वराज या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरून जातात तेव्हा दोन डिजिटल सह्या लागतात, ग्रामपंचायत अधिकाऱ्याची, म्हणजे आधीच्या ग्रामसेवकाची, आणि सरपंचाची. एकाने बिल चढवायचे, दुसऱ्याने पाहून मंजूर करायचे, एवढ्यासाठीच ही रचना आहे. दोन्ही डोंगल एकाच खणात पडली असतील तर दोन सह्यांना काही अर्थ उरत नाही.

एका गावी तपासणीला गेलो तेव्हा संगणकाला दोन्ही डोंगल शेजारी शेजारी लावलेली होती. मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने एक चिठ्ठी लावली होती. तिच्यावर ‘भाऊसाहेब’ आणि पुढे पिन, खाली ‘मॅडम’ आणि पुढे पिन. मॅडम त्या दिवशी कांदा काढणीला गेल्या होत्या. स्क्रीनवर मात्र सकाळी अकराच्या सुमारास त्यांची सही झालेली दिसत होती. बिलासोबतची तीन दरपत्रके तीन वेगवेगळ्या दुकानांच्या नावाची होती आणि तिन्हींत शुद्धलेखनाची एकच चूक, त्याच शब्दात. पुरवठादारच तिन्ही कागद छापून आणतात, ठरावाचा मसुदासुद्धा तयार ठेवतात आणि ‘मॅडम, तुम्ही फक्त सही करा’ म्हणतात. ही मदत घेऊ नका.

माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 नुसार डिजिटल सही तुमच्या हातच्या सहीइतकीच धरली जाते आणि ती आपल्या ताब्यात ठेवण्याची काळजी ज्याची सही त्यानेच घ्यायची असते. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, वसुली लागली, तर नोटिशीवर नाव तुमचे येईल. ऑपरेटरचे येणार नाही, घरात बसून कारभार पाहणाऱ्याचे तर नाहीच. डोंगल पतीकडे, दिराकडे, सासऱ्यांकडेही देऊ नका. घरात वाईट वाटेल, वाटू द्या.

आजच डोंगल स्वतःच्या ताब्यात घ्या आणि पिन बदला. झालेल्या व्यवहाराबद्दल गटविकास अधिकाऱ्यांना तारखेसह लेखी कळवा आणि प्रतीवर आवक क्रमांकाची पोच घ्या. मग त्या बिलाचा मासिक सभेतला ठराव, मोजमाप पुस्तिका, साठा नोंदवही आणि रोकडवही मागवा, आणि साहित्य खरोखर आले आहे का ते स्वतः जाऊन मोजा. पत्रात कोणावर आरोप करण्याआधी मात्र ग्रामपंचायत कायद्याची माहिती असलेल्या वकिलाला मजकूर दाखवा. एक चुकीचे वाक्य पुढे तुमच्याच विरुद्ध वापरले जाईल.

प्रश्न: ग्रामसभेची गणपूर्ती किती?

एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी ती.

प्रश्न: एका एजंटाने वीस हजारांत सरपंचांना अपात्र करून देण्याची हमी दिली आहे. त्यांची घरपट्टी थकलेली आहे. पैसे द्यावेत का?

देऊ नका. अपात्रतेचा निर्णय पुरावा पाहून जिल्हाधिकारी देतात, त्याची हमी कोणीही देऊ शकत नाही. असे एजंट दोन्ही बाजूंना भेटतात. तुमच्याकडून अर्जाचे पैसे घेतात आणि समोरच्याकडून अर्ज मागे घेण्याचे.

थकबाकीवरून अपात्रता येऊ शकते, पण मागणी बिल रीतसर बजावले गेले होते का आणि त्यानंतर तीन महिने उलटले का, यावर सगळे प्रकरण उभे राहते. गैरवर्तनाची तक्रार असेल तर तो मार्ग वेगळा आहे. तिथे ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 39 खाली जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांमार्फत चौकशी होते आणि निर्णय विभागीय आयुक्त देतात. थेट जनतेतून निवडलेल्या सरपंचावर अविश्वास आणायचा तर तीन चतुर्थांश सदस्य लागतात, आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदान होते. तुमच्या प्रकरणाला यातला कोणता मार्ग लागू आहे ते कागद घेऊन वकिलाला विचारा. लाच मागितल्याची तक्रार असेल तर थांबू नका, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला 1064 वर फोन करा.

प्रश्न: रस्त्याच्या कामाची माहिती चार महिन्यांपूर्वी माहिती अधिकारात मागितली. अजून उत्तर नाही. आता काय करू?

तीन महिने कशाची वाट पाहिलीत? तीस दिवसांत उत्तर आले नाही की पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करायचे असते. ती मुदत तुमच्या हातून गेली. उशिराचे सबळ कारण असेल तर ते लिहून अपील करता येते, अपिलीय अधिकारी कोण ते पंचायत समितीत विचारा. कारण नसेल तर नवा अर्ज करा, दहा रुपयांचेच काम आहे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत लागतो. ‘गेल्या दहा वर्षांची सर्व माहिती’ असले काही लिहू नका. त्या एका रस्त्याचे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि बिल मागा, शिवाय कामाची प्रत्यक्ष पाहणी करून साहित्याचा नमुना घेऊ द्यावा, अशी मागणीही त्यात घाला. कायद्याने तो हक्क तुम्हाला दिला आहे. अर्ज दिला त्याच दिवशी कॅलेंडरवर तिसावा दिवस लिहून ठेवा. पाहणीला जाताना ज्याला रस्त्याची जाडी मोजता येते असा माणूस, गावातला गवंडी असला तरी चालेल, सोबत न्या.