ताबा घेतलेल्या घराला ओल: दुरुस्ती कोणी करायची?

प्रश्न : पुण्यातील नव्या इमारतीत आम्ही सदनिका घेतली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ताबा मिळाला. आता दर पावसाळ्यात बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल येऊन रंगाचे पोपडे पडतात. वॉटरप्रूफिंगची वर्षभराची हमी संपली, सोसायटीकडे जा, असे बिल्डर सांगतो. सोसायटी पुन्हा त्याच्याकडे बोट दाखवते. खर्च आम्हीच करायचा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. रेरा म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) कायद्याच्या (२०१६) कलम १४(३) प्रमाणे, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील, कारागिरीतील किंवा सेवासुविधांतील दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने (म्हणजे बिल्डरने) तो ३० दिवसांत, कोणताही जादा आकार न घेता दूर करायचा असतो. तसे न केल्यास सदनिकाधारक नुकसानभरपाईस पात्र ठरतो. महाराष्ट्राच्या जुन्या सदनिका मालकी (मोफा) कायद्यात ही मुदत तीन वर्षांची होती. वर्षभराची हमी दाखवून कायद्याने घातलेली ही जबाबदारी टाळता येत नाही, तसेच सोसायटी स्थापन झाली म्हणूनही ती संपत नाही. तुमच्या बाबतीत ही मुदत ऑगस्ट २०२७ पर्यंत धरावी. ताबापत्रावरील नेमकी तारीख पाहून घ्या.

खरा वाद दोषाच्या कारणावर होतो, आणि तिथेच बहुतेक सदनिकाधारक कमी पडतात, असे मला वाटते. कॉलम आणि वीटकाम यांच्या सांध्यावर बाहेरून तडा आहे का, खिडकीच्या सिलला (चौकटीखालच्या पट्टीला) बाहेरच्या बाजूस उतार आहे की पाणी आत वळते, हे स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून लेखी अहवाल घ्या. विकासकाच्या लेखी संमतीशिवाय सदनिकेत फेरफार केल्यास ही जबाबदारी रद्द होते, अशी अट अनेक करारांत असते. त्यामुळे भिंत फोडली किंवा खिडकी बदलली असेल, तर विकासक त्यावरच बोट ठेवील. पाहणी होण्यापूर्वी आतून वॉटरप्रूफ रंग मारून घेऊ नका. त्याने ओल थांबत नाही, केवळ पुरावा झाकला जातो.

त्यानंतर तारखेसह छायाचित्रे आणि अहवाल जोडून विकासकाला स्पीड पोस्टाने पत्र पाठवा व पोच जपून ठेवा. फोनवरील आश्वासनांवर विसंबू नका. बाहेरची भिंत सामाईक असल्याने सोसायटीनेही स्वतंत्र पत्र द्यावे. तीस दिवसांत काम झाले नाही, तर रेरा कायद्याच्या कलम ३१ खाली महारेराकडे (या कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाकडे) ऑनलाइन तक्रार करता येते. ओलीमुळे फर्निचरचे नुकसान झाले असल्यास त्याच्या भरपाईचा निर्णय याच कायद्याखाली नेमलेले न्यायनिर्णय अधिकारी देतात, म्हणून ती मागणी तक्रारीत वेगळी आणि बिलांसह मांडा.