नवऱ्याला सावजी रस्सा लागतो आणि मला अ‍ॅसिडिटी होते. नागपुरात दोघांनी एकत्र जेवायचं कसं?

दोन वेगळे स्वयंपाक करू नका, त्याने जेवणातली सोबतच जाते. भाजी एकाच कढईत शिजवा, मसाला घालण्याआधी तुमची वाटी काढून ठेवा, त्यांची तर्री वेगळी करा. तेलकट जेवण पोटात जास्त वेळ राहतं, म्हणून तर्रीचा तवंगही तिखटाइतकाच बाधू शकतो. पण सगळ्यात महत्त्वाची वेळ. साडेदहाला जेवून अकराला आडव्या झालात तर साधा वरणभातही घशाशी येईल. दोघंही आठला जेवा, मध्ये तीन तास जाऊ द्या. जेवणावर संत्री नको. डाव्या कुशीवर झोपा, पलंगाची डोक्याकडची बाजू १५-२० सेंटीमीटर उचला. नुसत्या उशा रचून भागत नाही. घास अडकत असेल, वजन उतरत असेल किंवा शौचाला काळी होत असेल तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.